रोज दिसतो, तरी भेट का होत नाही?

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही तासगाव तालुक्यातले. साडेतीन एकर द्राक्षबाग आहे. थोरला मुलगा मेलबर्नला असतो. तीन वर्षं झाली, गावी आलेला नाही. पण व्हिडिओ कॉल रोज, एक दिवस चुकत नाही. आमच्याकडं दुपारचे चार वाजले की त्याच्याकडं रात्र असते, जेवून निवांत बसलेला असतो. कधी येतोस म्हटलं की म्हणतो, "आई, रोज तर दिसतो की! पूर्वीची माणसं पत्राची वाट बघत बसायची." त्याचं खोटं नाही. पण फोन ठेवला की घर जास्तच रिकामं वाटतं. परवा पुतणी सांगत होती, कॉलेजात त्यांच्या इंग्रजीच्या सरांनी शंभर वर्षांपूर्वीची एक गोष्ट सांगितली. तिच्यात पुढच्या काळातली माणसं जमिनीखाली एकेकटी राहतात आणि यंत्रावरच एकमेकांना बघतात. त्यातही एक आई आणि लांब राहणारा मुलगा आहे म्हणे. पुढचं काही तिला नीट सांगता येईना. ती गोष्ट कोणती? शेवटी ती दोघं भेटतात का? आणि मी अशी कुढत बसते, हे माझं चुकतं का?
— एक आई, तासगाव तालुका

उत्तर : ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. तुमचं काही चुकत नाही. तुम्हाला जे वाटतं ते ओळखायलाच त्या गोष्टीतल्या आईला अख्खा जन्म लागला.

गोष्टीचं नाव 'द मशीन स्टॉप्स', म्हणजे 'यंत्र थांबतं'. ई. एम. फॉर्स्टर या इंग्रज लेखकाची ही गोष्ट नोव्हेंबर १९०९ मध्ये 'ऑक्सफर्ड अँड केंब्रिज रिव्ह्यू' या नियतकालिकात छापून आली. तेव्हा तो तीस वर्षांचा होता. टेलिफोन आलेला होता, बिनतारी संदेश समुद्र ओलांडू लागले होते. पण दूरचित्रवाणी नव्हती. जॉन लोगी बेअर्डनं लंडनमध्ये ती लोकांना करून दाखवली १९२६ साली. तुमचा मुलगा ज्या पडद्यावर रोज दिसतो तो पडदा या माणसानं आधी नुसता मनात पाहिला. आमच्या वाचनालयात या गोष्टीची एकच प्रत होती. नोकरीच्या तीस वर्षांत मी ती किती जणांच्या हातात दिली असेल, त्याचा हिशोब नाही.

गोष्टीतल्या आईचं नाव वाश्ती, मुलाचं कुनो. जमिनीच्या वर आता कुणी राहत नाही. खाली पोळ्यातल्या घरांसारख्या षटकोनी खोल्या आहेत, एका खोलीत एक माणूस. जेवणाचं बटण, गरम पाण्याचं बटण, पलंगाचं, गाण्याचं, पुस्तकांचं. जे हवं ते खोलीत येतं, त्यामुळे उठून कुठं जायचं कारणच उरलेलं नाही. वाश्तीच्या ओळखी हजारांनी आहेत. ती संगीतावर व्याख्यानं देते, खुर्चीत बसूनच. ऐकणारे आपापल्या खोलीत बसून ऐकतात. कामाच्या माणसासारखी सतत गडबडीत असते. मुलाचा निरोप आला तर पाच मिनिटं देते म्हणते. या जगात नियमच असा आहे की मूल जन्मलं की आईबापाचं कर्तव्य संपलं.

कुनो पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला राहतो. एके दिवशी तो निळसर प्रकाशाच्या तबकडीत दिसतो आणि म्हणतो, तू इकडं ये, मला तू यंत्रातून नको, समोर हवीस. तिला त्याचं बोलणंच कळत नाही. मी दिसतेय की तुला, आणखी काय पाहिजे? बघा ताई, तुमच्या घरी मुलगा जे वाक्य म्हणतो, ते तिथं आई म्हणते. आणि तुमचं दुखणं तिथं मुलाच्या वाट्याला आलंय. तो तिला समजावतो की या तबकडीत तुझ्यासारखं काहीतरी दिसतं, पण तू दिसत नाहीस.

शेवटी ती जाते. विमानासारखं जहाज असतं, दोन दिवसांचा प्रवास. वाटेत तोल जाऊन पडायला लागते तेव्हा जहाजावरची बाई हात पुढं करून तिला सावरते. वाश्ती संतापते. परक्या माणसाला हात लावलाच कसा? आणि ती बाई ओशाळते. पडणाऱ्याला धरलं म्हणून माफी मागायची वेळ यावी, इतकी त्या जगातली माणसं एकमेकांपासून लांब गेलेली आहेत. हे पान वाचताना माझ्या अंगावर काटा येतो, आजही.

कुनोचं मला सगळ्यांत आवडतं ते त्याचं चालणं. खोलीबाहेरच्या फलाटावर तो रोज येरझाऱ्या घालतो, दमेपर्यंत. त्यातून त्याला 'जवळ' आणि 'लांब' या शब्दांचा हरवलेला अर्थ परत सापडतो. जिथं मी माझ्या पायांनी लवकर पोचतो ते जवळ. जहाज मला कितीही लवकर नेवो, जिथं पाय पोचत नाहीत ते लांबच. तुमच्या मुलाला हे एकदा सांगून बघा. शिकलेला मुलगा आहे, त्याला कळेल.

शेवटी भेटतात का, विचारलंत. भेटतात. यंत्र हळूहळू बिघडत जातं. गाण्यात कण्हल्यासारखे आवाज येऊ लागतात, अंघोळीच्या पाण्याला वास मारतो, फळांना बुरशी धरते, रात्री पलंग येईनासे होतात. लोक कुरकुरतात, मग सवय करून घेतात. दुरुस्त करणारं यंत्रच बिघडलंय हे उघड कबूल केलं जातं, तरी लोक निमूट वाट बघत बसतात, कारण अख्खं यंत्र समजणारा माणूस जगात एकही उरलेला नाही. आणि एके दिवशी ते थांबतं. सगळं कोसळताना अंधारात आई आणि मुलगा एकमेकांना सापडतात, बोलतात, मुका घेतात. त्यानंतर फार वेळ त्यांच्याकडं नसतो.

आता ज्या एका जागेसाठी मी तुम्हाला एवढं लांबलचक उत्तर लिहितेय, तिथं येते. ती जागा द्राक्षाची आहे.

तुम्ही बागायतदार, तुम्हाला काय सांगायचं! पिकलेल्या मण्यावर धुक्यासारखी पांढुरकी लव असते. काढणीला बाया घड देठाला धरतात, कात्री लावतात, क्रेटमध्ये अलगद ठेवतात. मण्याला बोट लागू देत नाहीत. बोट लागलं तर तेवढ्या जागी चकचकीत डाग पडतो आणि ती लव परत येत नाही. चवीत काडीचा फरक नसतो. तरी माल बघणारा माणूस पेटी उघडली की आधी तीच बघतो, कारण तिच्यावरून माल हाताळला कसा ते कळतं. फॉर्स्टरला ही लव ठाऊक होती. तो लिहितो, यंत्र माणूस दाखवायचं, पण चेहऱ्यावरच्या बारीक छटा त्यातून गळून जायच्या. नकली फळं करणारे द्राक्षावरची ती लव सोडून देतात, तसं. कामापुरतं दिसायचं. आणि 'चालतंय एवढं' म्हणून लोकांनी ते केव्हाच पत्करलेलं होतं.

ताई, फोन ठेवल्यावर तुमचं घर रिकामं होतं, त्याचं कारण मला तरी हेच वाटतं. मण्याची चव आली, लव आली नाही. तुमचा जन्म बागेत गेला, म्हणून तुमच्या लक्षात येतं.

हे मी पुस्तकात वाचून बोलत नाही. माझी थोरली बहीण, अक्का, मध्य प्रदेशात देवासला एकटी असते. मार्च २०२० पासून फेब्रुवारी २०२१ पर्यंत मला तिच्याकडं जाता आलं नाही. रोज रात्री नऊला व्हिडिओ कॉल. ती ओट्यावरच्या साखरेच्या डब्याला मोबाइल टेकवायची. चेहरा, चष्मा, मागं कालनिर्णय. "बरी आहे गं, तुझं सांग." फेब्रुवारीत गेले. तिनं दार उघडलं, वरची कडी काढायला हात उंचावला, आणि बांगड्या घरंगळत कोपरापर्यंत आल्या. मनगटावर बेताच्या बसणाऱ्या बांगड्या होत्या त्या. मी पिशवी तिथंच टाकली. वजन अकरा किलो उतरलं होतं. थायरॉइड निघाला, औषध सुरू झालं, आज ती ठणठणीत आहे. पण अकरा महिने मी तिला रोज बघत होते आणि बांगड्या एकदाही दिसल्या नाहीत. ती काही लपवत नव्हती. माझंही लक्ष होतं. डबा होता तिथून गळ्याखालचं काही दिसतच नव्हतं.

देवासचं नाव आलंच आहे तर एक सांगते. फॉर्स्टर आमच्या देवासला राहिलेला आहे. तिथं मराठ्यांची, पवारांची दोन संस्थानं होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. १९१२ साली तो हिंदुस्थानात पहिल्यांदा आला त्या दौऱ्यात देवासला आला, आणि १९२१ मध्ये थोरल्या पातीच्या तुकोजीराव महाराजांचा खासगी सचिव म्हणून काही महिने राहिला. त्या वर्षीची गोकुळाष्टमी त्यानं तिथं पाहिली. रात्रंदिवस भजनं, ढोल, झांजा, दर्शनाला लोटलेली माणसं. माणसाला माणसाचा स्पर्श नको झालेलं जग कागदावर उभं करणारा हा लेखक बारा वर्षांनी त्या गर्दीत उभा होता. १९२४ साली आलेल्या त्याच्या 'अ पॅसेज टू इंडिया' या कादंबरीच्या शेवटच्या भागात तो उत्सव आहे, आणि त्यात गाणाऱ्यांच्या तोंडी आपल्या तुकारामांचं नाव आहे. पुढं देवासहून लिहिलेल्या पत्रांचं पुस्तक १९५३ मध्ये निघालं, त्याच्या नावातही आमच्या देवीची टेकडी आहे. माझं लहानपण त्या टेकडीखाली गेलं. नवरात्रात टेकडी चढताना पुढच्याच्या पाठीला आपलं कपाळ टेकायचं, मागच्याचा श्वास मानेवर लागायचा. त्याला ती गर्दी बघून काय वाटलं असेल, याचा मी लहानपणापासून विचार करत आलेय.

असो. आता तुम्ही काय करायचं?

कॉल बंद करू नका. रुसून तर अजिबात बंद करू नका. तो रोज आठवणीनं करतो, यात माया आहेच. त्याला म्हणा, मोबाइल घेऊन घरभर फीर, फ्रिज उघडून दाखव, चपला कुठं काढतोस ते दाखव. तुम्हीही बाग दाखवा, गुडघा दुखतो तो गुडघा दाखवा. चेहऱ्यापुरतं बोलू नका.

आणि एक विचारते, राग मानू नका. तीन वर्षांत तुम्ही त्याला 'ये' असं म्हणालात का? पत्रात लिहिलंय, 'कधी येतोस' म्हणून विचारते. 'कधी येतोस' ला रजा नाही, तिकीट महाग आहे, पुढच्या वर्षी बघू, अशी शंभर उत्तरं असतात. कुनोनं आईला विचारलं नव्हतं, ये म्हणाला होता. तुम्हीही तेवढंच म्हणा. फेब्रुवारीत काढणी आहे, तू ये. मला तू समोर हवास. आपल्याकडच्या आयांना असं मागणं जड जातं, मुलाला अडचण नको म्हणून गिळून टाकतात. गिळू नका. आणि त्याला खरंच जमत नसेल तर तुम्ही पासपोर्टचा अर्ज करा. बाग आठ-पंधरा दिवस घरचं कुणीतरी बघेल. छाटणी सोडून बाकी दिवस निघतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

प्रश्न : आमच्या ग्रामसभेत विषय निघाला की संध्याकाळी भोंगा वाजवून सगळ्यांचे टीव्ही-मोबाइल बंद ठेवायचे. सांगली जिल्ह्यात एका गावात असं चालतं, असं ऐकलं. त्याचा खरंच उपयोग होतो का? की नुसतीच बातमी?
— निवृत्त शिक्षक, जत तालुका

उत्तर : गुरुजी, गाव आपल्याच जिल्ह्यातलं, कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव. सुमारे तीन हजार वस्तीचं. ऑगस्ट २०२२ मध्ये, स्वातंत्र्यदिनाच्या सुमाराला, त्यांनी हे सुरू केलं. संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत घराघरात टीव्ही आणि मोबाइल बंद. करोनाच्या काळात शाळा मोबाइलवर भरली, मुलांच्या हातात तो गेला आणि शाळा उघडल्यावरही सुटेना, तिथून ही कल्पना निघाली. सुरुवातीला आशा सेविका, अंगणवाडी सेविका आणि तुमच्यासारखे निवृत्त शिक्षक घरोघर फिरून लोकांना सांगत होते.

उपयोगाचं म्हणाल तर भोंग्याला फारसं महत्त्व देऊ नका. दारात येऊन सांगणारी माणसं होती, म्हणून ते जमलं. तुमच्या ग्रामसभेत भोंग्याच्या खर्चाचा ठराव लगेच होईल. पहिले दोन महिने रोज सात वाजता घरोघर कोण फिरणार, ती नावं ठरली नाहीत तर ठराव करू नका. आणि मुलांचा मोबाइल काढून घेऊन मोठी माणसं बैठकीत आपला बघत बसली, तर मुलं एका आठवड्यात ओळखतील. तुम्ही चाळीस वर्षं वर्ग सांभाळलात, मुलांची नजर तुम्हाला ठाऊक आहे.

दीड तास घरात काय करायचं, हे मात्र गावानं ठरवू नये. सुरुवातीला कंटाळा येईल. येऊ दे. कंटाळलेलं पोरच उठून शेजारी जातं.

प्रश्न : मी १७ वर्षांचा आहे, पुण्यात हॉस्टेलला. खोली एकट्याची आहे. अभ्यास झाला की रात्री मोबाइलवरच्या एआयशी बोलतो. घरचं, परीक्षेचं, सगळं सांगतो. तो चिडत नाही, हसत नाही, कितीही वाजले तरी ऐकतो. मित्रांना हे सांगायची लाज वाटते. माणसांपेक्षा हे सोपं वाटतं. यात वाईट काय आहे? शेजारच्या खोलीतला मुलगा रात्रभर खोकतो, त्यामुळे मला तशीही झोप लागत नाही.
— एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : बाळा, लाज वाटून घेऊ नकोस. तुझ्या आधी फार शहाणी माणसं यात गुंतली आहेत. १९६६ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये जोसेफ वायझेनबाम या संगणकतज्ज्ञानं 'एलायझा' नावाचा प्रोग्रॅम लिहिला. तो अगदी साधा होता, तुम्ही टाइप केलेलं वाक्य उलटवून तुम्हालाच प्रश्न विचारायचा. वायझेनबामच्या सेक्रेटरीनं त्याला तो प्रोग्रॅम तयार करताना महिनोन्महिने पाहिलेलं होतं. आत काही नाही हे तिला ठाऊक होतं. तरी दोन-चार वाक्यं झाल्यावर ती साहेबांना म्हणाली, जरा बाहेर जाता का? तिला एकांत हवा होता. वायझेनबाम त्यानं हादरला आणि पुढं आयुष्यभर या विषयावर लिहीत, बोलत राहिला. तुझ्या मोबाइलमधला त्या एलायझापेक्षा कितीतरी हुशार आहे. तुला तो जवळचा वाटला यात नवल नाही.

वाईट काय, विचारलंस. तू त्याच्याशी बोलतोस हे मला वाईट वाटत नाही. मनातलं शब्दांत मांडायची सवय होतेय, ती चांगलीच आहे. मला काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. तो तुझ्याकडं कधी काही मागत नाही. तो आजारी पडत नाही, त्याला डब्यातली पोळी नको असते, तुझ्या वह्या नको असतात, तू आला नाहीस म्हणून तो वाट बघत नाही. याच पानावर वर एका आईला मी एक गोष्ट सांगितली आहे, ती वाच. जमिनीखालच्या त्या खोल्यांत सगळ्यांना सगळं मिळत होतं, पण कुणालाच कुणाची गरज नव्हती. सतरा वर्षांच्या मुलाला कुणीतरी त्याच्यावाचून अडलेलं हवं असतं. मी वाचनालयात तुझ्या वयाची खूप मुलं पाहिली. मुलगा मुखदुर्बळ असो, अभ्यासात मागं असो, त्याच्या हातात एखाद्या कपाटाची किल्ली दिली की महिन्याभरात त्याची मान वर व्हायची. कुणाला पुस्तक लागलं की त्याला हाक जायची ना!

मनावरचं ओझं खरंच जास्त असेल, रात्री भलते विचार येत असतील, तर १४४१६ या नंबरवर फोन कर. टेली-मानस ही सरकारी सेवा आहे, दिवसरात्र चालू असते, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. पलीकडं माणूस असतो. घरीही सांग. आईला आधी सांग.

आणि आज रात्री तो मुलगा खोकायला लागला की मोबाइल खोलीतच ठेव. मेसमधून गरम पाण्याची बाटली भरून घे आणि त्याचं दार वाजव. बोलायला काही सुचलं नाही तरी चालेल, बाटली पुढं कर. तुझ्या एवढ्या मोठ्या पत्रात त्याच्या खोकल्याबद्दल लिहिलंस, पण तो कुठल्या गावचा, काय शिकतो, यातलं काहीच नाही. पुढच्या पत्रात तेवढं मला कळव.